लढणारे कोण, किंमत मोजणारे कोण?

प्रश्न : मी समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीवर प्रकल्प करते आहे. आधी कोर्टातले खटले, मग धरणी आणि मोर्चे, आता मोबाइलवरून उभी राहणारी आंदोलने. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीची पद्धत का टाकून देते? घरी हा विषय निघाला की बाबा म्हणतात, ‘तुम्हाला सगळं आजच हवं असतं.’ मला वाटते, त्यांच्या पिढीने फार वाट पाहिली. यात बरोबर कोण?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तुम्ही आणि बाबा, दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे : वडीलधारे सबुरीचे, तरुण घाईचे. अमेरिकेतल्या याच लढ्यातला एक प्रसंग हे गृहीतक उलटे करतो. म्हणून उत्तरासाठी आपण एकाच ठिकाणी जरा थांबू.

व्हर्जिनिया राज्यातली प्रिन्स एडवर्ड काउंटी. आकाराने आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी, आणि तिचे मुख्य गाव फार्मव्हिल. १९५१ साली तिथे गोऱ्या मुलांची शाळा वेगळी आणि कृष्णवर्णीय मुलांची वेगळी. कृष्णवर्णीयांची मोटन हायस्कूल ही शाळा १८० मुलांसाठी बांधलेली, आणि पटावर मुले साडेचारशेच्या वर. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केलेल्या. पावसात त्या गळत, थंडीत एका शेगडीवर अख्खा वर्ग. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही. पालक आणि स्थानिक पाद्री एल. फ्रान्सिस ग्रिफिन शिक्षण मंडळाकडे नव्या इमारतीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालत होते. मंडळ ‘बघू’ म्हणत होते.

बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी. तिने काही निवडक मुलांना गुपचूप एकत्र केले. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना खोटा फोन करून शाळेबाहेर काढले, सगळ्या वर्गांना सभागृहात येण्याच्या चिठ्ठ्या धाडल्या. पडदा उघडला तेव्हा मंचावर मुख्याध्यापक नव्हते, मुले होती. बार्बराने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली आणि मुलांना संपाची हाक दिली. साडेचारशे मुले वर्ग सोडून निघाली. मुख्याध्यापकांचा या कटाशी संबंध नसतानाही पुढे त्यांची नोकरी गेली.

मुलांची मागणी होती नव्या इमारतीची. गोऱ्यांच्या शाळेसारखी शाळा हवी, एवढीच. त्यांनी रिचमंडच्या वकिलांना पत्र लिहिले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोघे वकील एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या जुन्या संघटनेचे. तिथून पुढे जे घडले ते तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. वकिलांनी मुलांना घरी जा म्हटले नाही. उलट त्यांनी अट घातली : नुसती चांगली इमारत मागणार असाल तर आम्ही येणार नाही, वेगळ्या शाळा ही पद्धतच बंद करा, असा दावा लावणार असाल तर आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू, आणि त्याला तुमच्या पालकांचीही संमती हवी.

म्हणजे ठिणगी तरुणांची होती, पण मागणी मोठी केली ती मुरलेल्या वकिलांनी. त्यांच्या पाठीशी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या कायदेपंडितांनी वीस वर्षे आखलेली वाट होती. आधी विद्यापीठांतला भेद कोर्टात उघडा पाडायचा, एकेक निकाल मिळवायचा, आणि भक्कम पाया झाला की शाळांना हात घालायचा, अशी ती वाट. १९५० साली ह्यूस्टन वारले; त्यांचे शिष्य थरगुड मार्शल तोवर त्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर आले होते. फार्मव्हिलच्या मुलांचा खटला आणखी चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ म्हणून जगाला ठाऊक असलेला निकाल तो हाच.

ह्यूस्टन यांची वीस वर्षांची चिकाटी नसती तर बार्बराचा संप एका नव्या इमारतीवर मिटला असता. आणि बार्बरासारखी मुले नसती तर वकिलांच्या हाती नुसता युक्तिवाद उरला असता. धमक्या, नोकऱ्या जाणे, घरावर रोख येणे हे सारे सोसायला तयार असलेली माणसे कुठून आली असती? त्यामुळे ‘बरोबर कोण’ याचे उत्तर एका पिढीच्या पदरात टाकता येत नाही. पद्धती बदलतात, कारण समोरचा अन्याय आपले रूप बदलतो. कायद्यात लिहिलेला भेद कोर्टात हरवता येतो. दुकानाच्या काउंटरवर रोज पाळला जाणारा भेद काउंटरवर बसूनच मोडावा लागतो. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानात चार कॉलेजकुमार नाश्त्याच्या काउंटरवर जाऊन बसले ते यासाठीच. आणि रस्त्यावर पोलिसांच्या हातून होणारा अन्याय तो क्षण टिपल्याशिवाय सिद्ध होत नाही. मे २०२० मध्ये मिनीॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूचे चित्रण सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने मोबाइलवर केले, म्हणून ते जगाने पाहिले. साधन नवे आले ते समोरचे काम नवे होते म्हणून.

प्रश्न : लहान मुलांना असे पुढे घालणे योग्य आहे का? लढा मोठ्यांनी द्यावा, मुलांनी शिकावे, असे एक निवृत्त शिक्षक म्हणून मला वाटते.
– सांगली

उत्तर : ही शंका त्या काळीही अनेकांच्या मनात होती. मे १९६३ मध्ये ॲलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात मोर्चे थंडावले होते. मोठी माणसे अटकेला भीत होती, कारण अटक झाली की नोकरी जाई आणि घर उपाशी राही. जेम्स बेव्हेल या तरुण कार्यकर्त्याने सुचवले की शाळकरी मुलांना बोलवावे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे मन घेईना. माल्कम एक्स यांनी तर मुलांना पुढे करण्यावर उघड टीका केली. तरी २ मेपासून मुले चर्चमधून रांगेने बाहेर पडू लागली. शेकडो पकडली गेली; दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले गेले. त्या छायाचित्रांनी देश हादरला आणि शहरातली गोरी मंडळी तडजोडीला आली.

यश मिळाले म्हणून पद्धत योग्य ठरते का? माझ्या मते नाही, तेवढ्याने ठरत नाही. योग्य-अयोग्य ठरवताना मी दोन गोष्टी पाहते. मुलांना निर्णयात वाटा होता का? आणि त्यांच्या मागे मोठी माणसे उभी होती का? या कसोटीला एला बेकर या ज्येष्ठ कार्यकर्त्या पूर्ण उतरतात. १९६० च्या एप्रिलमध्ये रॅले शहरातल्या शॉ विद्यापीठात धरणे धरणाऱ्या विद्यार्थ्यांची बैठक भरली, तेव्हा त्या ५६ वर्षांच्या होत्या आणि किंग यांच्याच संघटनेचे काम पाहत होत्या. विद्यार्थ्यांना त्या संघटनेची युवा शाखा करून टाकावे, असा वडीलधाऱ्यांचा कल होता. बेकर यांनी त्याला विरोध केला. विद्यार्थ्यांची संघटना स्वतंत्र राहिली पाहिजे, असा आग्रह धरला, आणि आग्रह धरून निघून गेल्या नाहीत. पुढे अनेक वर्षे त्या मुलांच्या बैठकांना बसत, ऐकत, प्रश्न विचारत राहिल्या. त्यातून उभी राहिलेली एसएनसीसी ही संघटना मिसिसिपीच्या खेड्यापाड्यांत मतदार नोंदणीला गेली. एका मोठ्या पुढाऱ्यावर विसंबू नये, माणसांनी आपले नेतृत्व आपणच घडवावे, ही बेकर यांची शिकवण २०१३ नंतरच्या ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’पर्यंत पोचलेली दिसते.

दुसरा प्रसंग २८ ऑगस्ट १९६३ चा, वॉशिंग्टनच्या मोर्च्यातला. एसएनसीसीचे तेवीस वर्षांचे जॉन लुईस भाषण करणार होते. मसुदा जहाल होता. इतर नेत्यांनी हरकत घेतली. लुईस आणि त्यांचे सोबती अडून बसले. मग ७४ वर्षांचे ए. फिलिप रँडॉल्फ पुढे आले. असाच मोर्चा काढण्याचा बेत त्यांनी १९४१ साली केला होता. त्या दबावामुळे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संरक्षण कारखान्यांतला वर्णभेद बंद करण्याचा आदेश काढला आणि तो मोर्चा रद्द झाला. बावीस वर्षे ते या दिवसाची वाट पाहत होते. त्यांनी मुलांना विनंती केली की एकी मोडू नका. लुईस यांनी शब्द बदलले. रँडॉल्फ यांनी दटावले असते तर मुले ऐकती ना. त्यांच्या मागे आयुष्यभराचे काम होते, म्हणून विनंतीला वजन होते.

याच लुईस यांना १९६६ मध्ये एसएनसीसीच्या अध्यक्षपदावरून जावे लागले, कारण त्यांच्याहून जहाल झालेले स्टोकली कारमायकल निवडून आले. तीन वर्षांपूर्वी जो सर्वांत उतावळा वाटत होता, तोच मवाळ ठरला. पुढे लुईस तीन दशकांहून अधिक काळ अमेरिकी काँग्रेसमध्ये राहिले. जून २०२० मध्ये, कर्करोगाने खंगलेले असताना, वॉशिंग्टनमध्ये नव्या पिढीने रस्त्यावर रंगवलेल्या ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ या अक्षरांपाशी जाऊन उभे राहिले. पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. चळवळीत वय वाढते तशी माणसाची जागा बदलते. ती बदललेली जागा राग न धरता स्वीकारणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य, आणि त्या जागेपर्यंत माणूस कोणत्या वाटेने आला हे जाणून घेणे तरुणांचे.

प्रश्न : १९५४ ला शाळांतला भेद गेला, १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला, कृष्णवर्णीय माणूस राष्ट्राध्यक्षही झाला. मग आजही अन्याय आहे असे का म्हणतात? हे न संपणारे रडगाणे तर नाही ना?
– डोंबिवली

उत्तर : त्यासाठी फार्मव्हिलची उरलेली गोष्ट ऐकावी लागेल. तिथला विजय तितका सरळ नव्हता.

निकाल लागला, पण व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी तो मानायचा नाही असे ठरवले. सिनेटर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने कडव्या प्रतिकाराचे धोरण आखले गेले. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर टोक गाठले. एकत्र शाळा चालवा असा कोर्टाचा हुकूम झाला, तेव्हा १९५९ मध्ये काउंटीने सरकारी शाळांना एक पैसाही द्यायचा नाही असा निर्णय घेतला. सगळ्या सरकारी शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. पुढे काही काळ तिला सरकारी अनुदानाचा आणि करसवलतीचा आधारही मिळाला. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुले, आणि खासगी फी न परवडणारी काही गरीब गोरी मुले, घरी बसली. एक-दोन महिने नव्हे. १९५९ ते १९६४, तब्बल पाच वर्षे सरकारी शाळा बंद होत्या.

काही गोऱ्या पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीयांसाठीही वेगळी खासगी शाळा काढण्याचा प्रस्ताव ठेवला. पालकांनी तो नाकारला, कारण तो स्वीकारणे म्हणजे कोर्टात जिंकलेले सगळे परत देणे. हा निर्णय किती अवघड असेल! तत्त्व राखावे तर पोरांची वर्षे जातात, वर्षे वाचवावीत तर त्यांच्या पोरांनाही वेगळ्याच शाळेत जावे लागणार. चर्चच्या तळघरांत केंद्रे चालली. काही मुलांना आईवडिलांनी दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवले. क्वेकर पंथाच्या सेवासंस्थेने काही मुलांची परराज्यांत अनोळखी कुटुंबांत सोय केली. शेवटच्या वर्षी वॉशिंग्टनच्या पाठिंब्याने आणि देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या. मे १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन खटल्यात काउंटीला शाळा उघडायला भाग पाडले. तोवर जे मूल सहा वर्षांचे होते ते अकराचे झाले होते, आणि जे बाराचे होते ते शेतावर किंवा कारखान्यात कामाला लागले होते.

आता हिशेब मांडा. संप केला १९५१ च्या मुलांनी. निकालाचा लाभ झाला सगळ्या देशातल्या पुढच्या मुलांना. आणि किंमत मोजली १९५९ साली शाळेच्या वयात असलेल्यांनी, ज्यांतले काही संपाच्या वेळी जन्मलेही नव्हते. लढणारी पिढी, किंमत मोजणारी पिढी आणि फळ चाखणारी पिढी या तीन निराळ्या असतात, असे मी म्हणते ते यामुळे. पिढ्यांमधला न्याय म्हणजे नेमके काय, याचे उत्तरही मला इथेच सापडते : मधली पिढी विसरली जाऊ नये.

फार्मव्हिलमध्ये शाळा उघडल्या, निदान कागदावर तरी भेद संपला. पण चौथीत शाळा सुटलेल्या मुलाचे काय? त्याला बरी नोकरी मिळाली नाही. त्याचे घर झाले नाही. त्याच्या मुलांना अभ्यासात मदत करणारे घरात कोणी नव्हते. कायद्याने अन्याय थांबतो. झालेले नुकसान कायद्याने आपोआप भरून येत नाही. ते व्याजासारखे वाढत पुढच्या घरात जाते.

घरांच्या बाबतीत हे सगळ्या देशात घडले. १९३४ साली अमेरिकी सरकारने गृहकर्जांना हमी देणारी यंत्रणा उभी केली. सामान्य माणसाला दीर्घ मुदतीच्या, परवडणाऱ्या हप्त्यांवर घर घेता येऊ लागले. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशांवर लाल रंगाने धोक्याच्या म्हणून दाखवल्या गेल्या आणि तिथल्या कर्जांना हमी नाकारली गेली. घरखरेदीतला भेद कायद्याने बंद झाला तो १९६८ मध्ये. मधल्या ३४ वर्षांत लाखो गोऱ्या कुटुंबांची घरे झाली, त्यांच्या किमती वाढल्या, त्यावर मुलांची शिक्षणे झाली, ती घरे वारशाने नातवंडांना मिळाली. ज्यांना कर्जच मिळाले नाही, ते भाडे भरत राहिले; वारशाला काही उरले नाही. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर निघाली, तर मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. ही सहापटीहून मोठी दरी केवळ आज कुणी कायदा मोडल्याने पडलेली नाही. जुन्या कायद्याने जे वाढून ठेवले, ते आजच्या ताटात आले आहे. म्हणून याला रडगाणे म्हणू नका. आधीच्या पिढीने वरचा अन्याय दूर केला, त्यामुळे खालचा दिसू लागला आहे, आणि जो दिसतो त्याबद्दल बोलणे हे नव्या पिढीचे कामच आहे.

प्रश्न : ज्यांनी अन्याय केला ते गेले. ज्यांच्यावर झाला त्यांतलेही बहुतेक गेले. मग नातवंडांनी आजोबांच्या चुकीची भरपाई का करायची? आरक्षणाबद्दल आमच्या घरातही मुले हेच विचारतात.
– एक पालक, पुणे

उत्तर : मुलांचा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. नातवंडे दोषी नाहीत. दोष वारशाने मिळत नाही. पण जबाबदारी आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई देण्यात आली. ती गुलामांना मिळाली नाही, त्यांच्या मालकांना मिळाली. त्यासाठी सरकारने कर्ज काढले. त्या कर्जाची शेवटची बाकी ब्रिटिश सरकारने २०१५ साली चुकती केली. म्हणजे गुलामांच्या वंशजांपैकी जे आज ब्रिटनचे नागरिक आहेत, त्यांच्या करातूनही मालकांच्या भरपाईचे पैसे फिटले. राज्य मरत नाही. ते आजोबांचे कर्ज नातवंडांकडून फेडून घेते आणि कुणी तक्रार करत नाही. मग त्याच राज्याने आजोबांच्या काळात हिरावलेले परत करायची वेळ आली की ‘तो काळ गेला’ कसे म्हणता येईल?

अमेरिकेनेही एकदा हे मान्य केले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना छावण्यांत डांबले होते. त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. छावणीतून परतलेली पिढी त्याबद्दल घरात फारसे बोलत नसे. पुढच्या पिढीने, १९६० आणि ७० च्या दशकांत वाढलेल्या मुलांनी, विचारायला सुरुवात केली. १९८१ मध्ये सरकारी आयोगापुढे सुनावण्या झाल्या, तेव्हा अनेक वृद्ध पहिल्यांदाच बोलले. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. मुलांनी आईवडिलांसाठी न्याय मिळवला. पण उशीर झाला तेवढी माणसे त्याआधीच गेली होती. गुलामगिरीच्या भरपाईचा नुसता अभ्यास करण्याचे विधेयक काँग्रेसचे सदस्य जॉन कॉन्यर्स यांनी पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, मांडले. ते कायदा होऊ शकले नाही.

आणि फार्मव्हिल? तिथे ‘फार्मव्हिल हेरल्ड’ नावाचे वृत्तपत्र आहे. १९५९ मध्ये शाळा बंद ठेवण्याच्या बाजूचा तिथला मोठा आवाज या वृत्तपत्राचाच होता. चाळीस वर्षांनंतर त्याच वृत्तपत्राचे तेव्हाचे संपादक केन वुडली यांनी मागणी केली की शिक्षण हिरावलेल्यांना राज्याने ते परत द्यावे. २००३ साली काउंटीने त्या मुलांना, जी तोवर पन्नाशीत आणि साठीत गेली होती, मानद शालान्त प्रमाणपत्रे दिली. २००४ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शिष्यवृत्तीचा कायदा केला. राज्याने दहा लाख डॉलर घातले, तेवढेच जॉन क्लूगी या उद्योगपतींनी दिले. कुणी शाळेची राहिलेली परीक्षा दिली, कुणी पदवी घेतली. वुडली यांनी शाळा बंद केल्या नव्हत्या. पण ज्या खुर्चीवर ते बसले, तिच्या नावावर काय जमा आहे हे त्यांनी पाहिले आणि ते आपले काम मानले. तुमच्या मुलांना हेच सांगता येईल : तुमच्यावर आरोप नाही, पण घर, गाव, संस्था, राज्य यांचे वारस म्हणून फायद्याबरोबर देणेही तुमच्याकडे येते. आपल्याकडचे आरक्षण मुख्यतः प्रतिनिधित्वासाठी आहे, ती घटनेने दिलेली तरतूद आहे, आणि या भरपाईपेक्षा ते वेगळे आहे. तरी ‘माझा काय संबंध’ या शंकेचे उत्तर दोन्हीकडे एकच.

प्रश्न : इतक्या दूरच्या गोष्टीचा आपल्याशी खरेच काही संबंध आहे का?
– छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) एका कार्यकर्त्याचे पत्र

उत्तर : आहे, आणि तो जुना आहे. अमेरिकेने गुलामगिरी संपवली, त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याची प्रत त्यांना हवी होती, अस्पृश्यांनीही तो मार्ग धरावा असे त्यांच्या मनात होते. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखक-कवींनी संघटना काढली तेव्हा ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून तिचे नाव ‘दलित पँथर’ ठेवले. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही बाबासाहेबांच्या चळवळीने शाळेत घातलेली पिढी होती. त्यांचा राग गावोगावच्या अत्याचारांवर होता, तसा गटागटांत फुटलेल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांवरही होता. वडिलांच्या लढ्याने मुलांना अक्षर दिले, आणि त्याच अक्षरांनी मुलांनी वडिलांना जाब विचारला. तो कृतघ्नपणा नव्हता. त्या अक्षरांचे चीज होते.

तुम्ही मराठवाड्यातले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावागावांत दलितांच्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे लाँग मार्च निघाले, तरुण तुरुंगात गेले, काहींनी प्राण दिले. पण ज्यांची घरे जळाली, ज्यांनी गाव सोडले, त्यांतल्या कित्येकांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नव्हती. मागणी शिकलेल्यांनी केली, राख झाली ती शेतमजुराच्या झोपडीची, आणि आज पदवीच्या कागदावर ते नाव लाखो विद्यार्थी मिरवतात, सगळ्या जातींचे. फार्मव्हिलचाच हिशेब इथेही लागू पडतो.

म्हणून तुमच्यासारख्या कार्यकर्त्याला माझे एक सांगणे आहे. व्हर्जिनियात शिष्यवृत्ती देता आली, कारण कोणाची शाळा बुडाली हे शोधता आले, आणि ती माणसे हयात होती. १९७८ साली ज्यांची घरे गेली त्यांतले जे तेव्हा लहान होते, ते आज पन्नाशी-साठीत आहेत. ज्यांनी ती घरे उभारली होती, ते ऐंशीच्या घरात आहेत. गावागावांत जाऊन त्यांना भेटा. कोणाचे घर होते, काय जळाले, मुलांची शाळा सुटली का, पुढे ते कुठे गेले, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. तारखेसह, नावासह, त्यांच्या संमतीने. ही नोंद झाली तर सरकारकडे काही मागता येईल, विद्यापीठात त्यांच्या नातवंडांसाठी काही करता येईल, आणि ज्या विद्यार्थ्याला हे नाव आयते मिळाले त्याला त्याची किंमत कोणी मोजली ते कळेल. भाषणे आणि जयंत्या पुढच्या वर्षीही होतील. हे काम मात्र ती माणसे आहेत तोवरच होऊ शकते, तेव्हा ते याच वर्षी हाती घ्या.